फुकट आहे, मराठीत नाही

चंद्रपुरात जटपुरा गेटाकडून पायी निघालं की विजेच्या खांबांवर पत्रकं चिकटवलेली दिसतात. त्यातलं एक हल्ली नजरेत भरतं : तीस दिवसांत जर्मन बोला. खाली मोबाइल नंबर, त्याखाली परदेशी नोकरीचं आश्वासन.

तीस दिवसांत जर्मन येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या पत्रकावर विश्वास ठेवणारा मुलगा फी भरतो ती बहुतेक वेळा बापानं धान विकून आणलेल्या पैशातून.

आकडेच पाहा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठी फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची संस्था चालवतं. तिचा अनेक वर्षांचा हिशेब असा : फ्रेंचला साधारण ३० आठवडे, जर्मनला ३६, जपानीला ८८. जर्मनचे वर्गातले तास होतात सुमारे ९००, जपानीचे २,२००. हा हिशेब पगार घेऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांचा आहे. आपल्याकडचा मुलगा दिवसाचं काम आटोपून रोज एक तास काढणार असेल, तर जर्मनला अडीच वर्षं आणि जपानीला सहा वर्षं धरावी लागतील. तीस दिवसांत फार तर नाव, गाव आणि दहापर्यंतचे आकडे सांगता येतील.

मागच्या महिन्यात मूलकडचा एक मुलगा भेटला. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, जर्मन शिकाचं आहे. पुण्यालेच जा लागते का?"

त्याच्या प्रश्नामागे कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. दहा हजारांचा आकडा जाहीर झाला. परिचारिका, वायरमन, प्लंबर, चालक अशा कामांची यादी निघाली. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर भाषेची बी-२ ही पातळी लागते, म्हणजे रुग्णाशी, डॉक्टरांशी आणि नातेवाइकांशी अडखळल्याशिवाय बोलता आलं पाहिजे. जपानकडेही अशीच वाट आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी करार झाला, आणि तिथंही भाषेची परीक्षा आधी आहे. नोकरीच्या दाराला भाषेची कडी आहे. ती कडी काढायला शिकवणारी जुनी, नावाजलेली ठिकाणं मात्र पुण्या-मुंबईत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. चंद्रपूरहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. भामरागडच्या मुलानं तर आधी चंद्रपूर गाठायचं.

मी त्याला म्हटलं, पुण्याला जायची गरज नाही. मग बसून त्याला एकेक साधन दाखवलं. त्या संध्याकाळी जे दाखवलं तेच इथं मांडतो.

जर्मनसाठी पहिली जागा डॉइच वेले. जर्मनीची ही सार्वजनिक प्रसारण संस्था 'निकोस वेग' नावाचा अभ्यासक्रम चालवते. निको नावाचा परका तरुण जर्मनीत येतो, त्याची बॅग हरवते आणि तिथून गोष्ट सुरू होते. पहिल्या पायरीपासून बी-१ पर्यंत, म्हणजे बी-२ च्या एक पायरी खालपर्यंत, व्हिडिओ, शब्द, सराव, सगळं विनाशुल्क. तिथंच रोजच्या बातम्या सावकाश वाचून दाखवतात.

दुसरी जागा आपल्याच देशातली. एनपीटीईएल या सरकारी उपक्रमावर आयआयटी मद्रासचे प्राध्यापक मिलिंद ब्रह्मे यांनी शिकवलेल्या जर्मनच्या तासिका आहेत. त्याच उपक्रमात आयआयटी कानपूरच्या प्राध्यापक वत्सला मिश्रा यांचा जपानी भाषा आणि संस्कृतीचा अभ्यासक्रम आहे. आयआयटीच्या वर्गाचं दार गोंडपिपरीतल्या मोबाइलवर उघडतं, आणि शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर तेवढी परीक्षेची फी.

जपानीसाठी जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेचे ४८ धडे आहेत, आणि ते हिंदीतूनही आहेत. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पुस्तकं ध्वनिफितींसह उतरवून घेता येतात. जपानमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या रोजच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवूनच ती लिहिली आहेत. फ्रेंचसाठी रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं आहेत. शब्द पाठ करायला अँकी आहे. २००६ पासूनचं हे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट चालतं. शब्द विसरायच्या बेतात आला की अँकी तो पुन्हा समोर आणतं. पाठ केलेलं किती वेगानं विसरतं याचं मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्येच मांडलं होतं. त्याच जुन्या शोधावर हे नवं साधन उभं आहे.

मुलानं सगळं पाहिलं. मग म्हणाला, "सगळं हाय, पण समजावून तं इंग्रजीतच सांगते."

माझा सगळा मुद्दा त्या एका वाक्यात आहे.

साधनांची टंचाई नाही. टंचाई आहे मराठीतून समजावणाऱ्या साधनांची. यूट्यूबवर काही मराठी शिक्षक मनापासून शिकवतात, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण पहिल्या पायरीपासून बी-१ पर्यंत नेणारा, पुस्तक, ध्वनी आणि सराव एकत्र असलेला, कुणालाही छापता-वाटता येईल असा मराठी अभ्यासक्रम मला शोधूनही सापडला नाही. म्हणून मूलच्या मुलाला जर्मनपर्यंत पोचण्यासाठी आधी इंग्रजीची नदी पोहून जावी लागते. अनेकजण तिथंच थकतात आणि समजतात की आपल्याला जर्मन जमत नाही. जर्मनशी त्यांची गाठच पडलेली नसते.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. जर्मनीची सगळी लोकसंख्या जवळपास तेवढीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एवढ्या मोठ्या भाषेच्या मुलांनी तिसऱ्या भाषेच्या खिडकीतून दुसरी भाषा पाहायची, हे मला मान्य नाही.

आणि यात नुकसान फक्त वेळेचं होत नाही. इंग्रजीतून गेलं की मराठीनं आधीच दिलेली शिदोरी हातातून जाते. ती शिदोरी किती मोठी आहे ते पाहा.

जर्मन नामांना तीन लिंगं आहेत : देअर, दी, दास. इंग्रजीतली पुस्तकं इथं येताच विद्यार्थ्याला धीर द्यायला लागतात, कारण इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंगच नाही. हिंदीत दोनच आहेत. मराठी पोर मात्र तो, ती, ते म्हणतच मोठं होतं. जर्मनमध्ये मुलीसाठीचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचं इंग्रजाला फार आश्चर्य. आपण 'ते लेकरू', 'ते पोरगं' रोज म्हणतो. प्रत्येक शब्दाचं लिंग पाठ करावं लागेल हे खरं, कारण टेबल आपल्याकडे ते आणि त्यांच्याकडे तो. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, आणि तिसरंही लिंग असतं, ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही.

थंडी वाजली की जर्मन माणूस म्हणतो, 'मियर इस्ट काल्ट'. शब्दाला शब्द ठेवला तर 'मला थंड आहे'. आपण म्हणतो, मला थंडी वाजते. दोन्हीकडे 'मला'. इंग्रजीत तिथं 'मी' येतो आणि शिकणारा गोंधळतो. 'मला पुस्तक आवडतं, मला गोष्ट आवडते' यात क्रियापद माझ्या मागे न जाता पुस्तकामागे आणि गोष्टीमागे जातं. जर्मनमध्येही आवडण्याचं क्रियापद असंच चालतं. जर्मनचं झेड अक्षर म्हणजे आपल्या 'चमचा'मधला च. 'चार'मधला वेगळा, 'चमचा'मधला वेगळा, हा भेद आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे.

जपानी तर आपल्याला त्याहून जवळची. 'मी भात खातो' हा शब्दक्रम तिथं जसाच्या तसा : वाताशि वा गोहान ओ ताबेमासु. क्रियापद शेवटी. ला, ने, हून, वर हे आपण शब्दाच्या मागे लावतो, तेही मागेच लावतात. आपण म्हणतो 'खाऊन बघ', तर जपानी म्हणतात 'ताबेते मिरु', आणि मिरु म्हणजे बघणंच. आपण म्हणतो 'करून टाकलं', त्यांच्याकडे त्यासाठी 'शिते शिमाउ' आहे. इंग्रजी पुस्तकाला हा प्रकार समजावायला पान लागतं. मराठी मुलाला एक ओळ पुरेल. त्यांची वर्णमाला आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम तिथं रुजला. बाराखडी म्हटलेल्या पोराला त्यात परकं काय वाटणार?

ही शिदोरी उघडून दाखवणारं पुस्तक मराठीत मुक्त उपलब्ध असतं, तर मूलच्या मुलाचे निदान पहिले दोन-तीन महिने वाचले असते.

आता कोणी म्हणेल, मराठीतून परकी भाषा शिकता येते का? आपण शिकलो आहोत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, समोर इंग्रजी वाक्य, खाली नियम. खेड्यातल्या शाळामास्तरांच्या फळीवर ते पुस्तक असायचं. उलट दिशेचा पूलही झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या मोल्सवर्थनं मराठी पंडितांना हाताशी धरून १८३१ मध्ये मराठी–इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. साहेबाला मराठी शिकायची होती, त्यानं स्वतःसाठी पूल बांधला. आज तोच कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. तेवढ्या ताकदीचा आणि तेवढाच खुला मराठी–जर्मन किंवा मराठी–जपानी कोश आपण करायला नको?

इथं एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत : मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, परवानगी आधीच दिलेली आहे. डॉइच वेले आणि एनएचके मोफत आहेत. त्यांचे धडे मी शिकू शकतो, पण मराठीत आणून त्यांची पुस्तिका छापू शकत नाही. त्यांनी उद्या बंद केले तर माझ्या हाती काही उरत नाही.

बंद होतातही. व्हॉइस ऑफ अमेरिकानं १९५९ मध्ये सोप्या इंग्रजीतलं प्रसारण सुरू केलं. सुमारे १,५०० शब्द, छोटी वाक्यं, संथ वाचन. जगभरातली माणसं रेडिओला कान लावून त्यावर इंग्रजी शिकली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं त्या संस्थेचं काम जवळपास ठप्प केलं. ज्यांनी धडे उतरवून ठेवले होते त्यांच्याकडे ते राहिले.

मुक्त साहित्य वेगळं. फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटनं तयार केलेले अभ्यासक्रम अमेरिकी कायद्यानुसार कुणाच्याच मालकीचे नाहीत, कारण तिथं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर हक्क राखला जात नाही. धडे जुने आहेत, काही शब्द आता कोणी वापरत नाही. पण वाक्यरचनेचा आणि उच्चाराचा सराव भक्कम आहे, आणि त्याचं मराठी करायला कुणाला विचारावं लागत नाही. ततोएबा या संग्रहात जगातल्या शेकडो भाषांतली वाक्यं एकमेकांना जोडून ठेवली आहेत. त्यात हजारो मराठी वाक्यं आहेत आणि परवाना मुक्त आहे. विक्शनरी मुक्त आहे. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली जर्मन, फ्रेंच पुस्तकं आहेत, तीही मुक्त. कच्चा माल समोर पडलेला आहे. वर मराठीचं काम करायचं बाकी आहे.

आता आपल्या सरकारकडे पाहा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरचा हक्क ६० वर्षं राहतो. म्हणजे मराठी मुलांना जर्मन शिकवण्यासाठी जनतेच्या पैशातून एखादी पुस्तिका तयार झाली आणि तिच्यावर मुक्त परवाना छापला नाही, तर चिमूरच्या शिक्षकाला ती दुरुस्त करून वाटायला परवानगीचा अर्ज करावा लागेल. हे बदलायला कायदा बदलण्याचीही गरज नाही. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर परवान्याची एक ओळ छापली की झालं. पैसा जनतेचा असेल तर पुस्तकही जनतेचं असलं पाहिजे. परदेशी नोकरीचे करार करणाऱ्यांनी ही ओळ छापायचा निर्णय आधी घ्यावा.

आणखी एक गैरसमज काढून टाकायचा आहे. 'जंगलातल्या पोरांना परकी भाषा झेपणार नाही,' हे वाक्य मी शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांनी गडचिरोलीतल्या एटापल्लीला जाऊन यावं. तिथलं पोर घरी माडिया बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. सिरोंच्याकडे गेलं की तेलुगू आलीच. मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली गावं आहेत. चार भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलाला पाचवी भाषा जड जाईल असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतः किती भाषा शिकल्या ते सांगावं.

आणि भाषा साधनाशिवाय कशी शिकतात याचा धडाही याच जिल्ह्यात आहे. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले. दवाखाना उघडला, पण रुग्णाचं दुखणं त्याच्या भाषेत कळल्याशिवाय औषध कसं देणार? माडियाला लिहायची परंपरा नव्हती, हाताशी पुस्तक नव्हतं, शिकवणारा मास्तर नव्हता. माणसांशी बोलत, ऐकत, चुकत ती भाषा त्यांनी आत्मसात केली, आणि मग लोक दवाखान्यात येऊ लागले. पवनारला आश्रम असलेल्या विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. दोन्हीकडे महागडा वर्ग नव्हता. गरज होती आणि रोजचा नेम होता.

पण हेमलकशाचं नाव घेतलं की स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागतो. जर्मन आपल्याला इंग्रजीतून शिकावी लागते याचा मला राग येतो. मग माडिया पोराला गणित मराठीतून शिकावं लागतं, तेव्हा त्याला काय वाटत असेल? माडिया गोंडीच्याच कुळातली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा २०१७ मध्ये मिळाली, गुंजाला गोंडीला २०१८ मध्ये. वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी बोलणाऱ्यांनी एकत्र बसून एक सामाईक शब्दकोश तयार केला, तोही २०१८ मध्ये. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. त्यांनी परवानगीची आणि अनुदानाची वाट पाहिली नाही. मराठीसाठी जे मागतो ते गोंडीसाठीही मागितलं पाहिजे. मराठी–जर्मन पुस्तिका मुक्त असेल तर गोंडी शिक्षकाला तिच्यावरून गोंडी–जर्मन करता येईल. मुक्त परवान्याचा खरा उपयोग हाच की पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

काही धडे तर आपल्यालाच लिहावे लागतील. ताडोब्याचंच बघा. १९५५ पासूनचं हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या गेटवर परदेशी पाहुणे येतात. आमचे गाइड जंगलात मुरलेले. पगमार्क पाहून वाघ कधी गेला ते सांगतात, सांबराच्या कॉलवरून दिशा ओळखतात. हे सगळं जर्मन पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगायला दोनशे वाक्यं पुरे आहेत. पण ती दोनशे वाक्यं कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत. तिथं हॉटेल आहे, विमानतळ आहे, कॉफी आहे. आपल्या जंगलातल्या अस्वलाला जर्मनमध्ये 'लिप्पेनबेअर' म्हणतात, म्हणजे ओठवालं अस्वल. रानकुत्र्याला 'रोटहुंड', म्हणजे लाल कुत्रा. हे शब्द एकदा ऐकले की गाइड विसरणार नाही, कारण त्या अस्वलाचा लांब ओठ त्यानं रोज पाहिला आहे. जंगलाची ही जर्मन आपल्यालाच लिहावी लागेल. बर्लिनमध्ये बसून ती कोणी लिहून देणार नाही.

आता शिकणाऱ्यांना चार गोष्टी.

एक, एकच साधन निवडा आणि ते संपवा. मोबाइलमध्ये आठ अ‍ॅप भरून घेणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात. दोन, रेंज मिळेल तिथं उतरवून घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रेंजचाही भरवसा नसतो. धडे मेमरी कार्डात असले पाहिजेत. किविक्स नावाच्या मुक्त अ‍ॅपमध्ये आख्खी विकिपीडिया साठवून इंटरनेटशिवाय वाचता येते. तीन, मोठ्यानं बोला. धड्यातलं वाक्य ऐका, थांबवा, म्हणा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा. चार, पैसे कुठं लागतात ते आधी समजून घ्या. शिकणं फुकट होऊ शकतं, अधिकृत परीक्षेला फी आहेच. ती फी बाजूला ठेवा आणि पत्रकवाल्याला देऊ नका. नोकरीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहा.

शेवटची विनंती शिकणाऱ्यांना नाही, शिकलेल्यांना आहे. स्टुटगार्टमध्ये, टोकियोत, पुण्यात अशी शेकडो मराठी माणसं आहेत ज्यांना जर्मन, जपानी, फ्रेंच उत्तम येते. त्यातली काही चंद्रपूर आणि गडचिरोली याच दोन जिल्ह्यांतून गेलेली आहेत. तुम्ही अडखळत शिकलात, कुठं अडलात ते तुम्हाला आठवतं. प्रत्येकानं शंभर वाक्यं लिहा. डावीकडे मराठी, उजवीकडे ती भाषा, उच्चार देवनागरीत, खाली दोन ओळींची समज. स्वतःच्या आवाजात वाचून ठेवा. आणि वर ठळक लिहा : कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, बदलावं, वाटावं. पन्नास माणसांनी हे केलं तर पाच हजार वाक्यं होतात, आणि पाच हजार वाक्यांचा अभ्यासक्रम कुठल्याही वर्गाच्या तोडीचा होतो. गडचिरोलीतल्या गोंडवाना विद्यापीठानं ती गोळा करून तपासावी, तालुक्याच्या ग्रंथालयांनी छापून ठेवावी.

मूलच्या त्या मुलानं त्याच रात्री 'निकोस वेग'चा पहिला धडा केला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्याच्या वहीचं पान पाठवलं. डावीकडे जर्मन वाक्यं, उजवीकडे त्यानं स्वतः केलेलं मराठी. अकरा वाक्यं होती. ती त्यानं गावातल्या अजून चौघांना दिली आहेत.